हरणांच्या माळावर कोणती पेरणी?

येवल्याला आपली माणसे दरवर्षी १३ ऑक्टोबरला जातात. १९३५ साली बाबासाहेबांनी जेथे धर्मांतराची घोषणा केली त्या मुक्तिभूमीला वंदन करायचे, मुलांना हातमागावरची पैठणी दाखवायची, भेळ खायची आणि संध्याकाळी मनमाडची गाडी धरायची, एवढाच बहुतेकांचा कार्यक्रम असतो. याच तालुक्याच्या उत्तर-पूर्व बाजूला, नगरसूल आणि राजापूरच्या पुढे, ममदापूरचा माळ आहे आणि त्यावर काळविटांचे कळप मोकळे हिंडतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. गेल्या खेपेस आम्ही नाशिकरोडची चार कुटुंबे एक दिवस जास्तीचा काढून तिकडे गेलो. आमच्यापैकी एकांचे पाहुणे माळाच्या कडेच्या वस्तीवर राहतात. त्यांची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि हरणांशी त्यांचा रोजचा संबंध आहे. तेव्हा हा प्रवास निव्वळ हौसेचा झाला नाही, हे बरेच झाले.

येवला सोडले की काही अंतर पालखेड कालव्याची कृपा दिसते. मका, कांदा, मधूनच द्राक्षाचा मांडव. पुढे पुढे काळी जमीन पातळ होते, मुरूम वर येतो, विहिरी खोल जातात. आपल्या नाशिक जिल्ह्याची गंमत अशी की इगतपुरीला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि येवल्याला तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. तोही एकदम पडून जातो, मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडे. ममदापूर, राजापूर, खरवंडी, देवदरी, रेंडाळे ही गावे या कोरड्या टोकावरची. इकडच्या बायकांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघणे नवीन नाही.

या माळाचा सुमारे ५४ चौरस किलोमीटरचा भाग २०१४ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तो मुख्यतः काळविटांसाठी. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य १९८० सालापासून आहे, पण ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. त्यामानाने ममदापूरचा माळ केवढा तरी मोठा. नर अंगाने काळा, पोटाखाली आणि डोळ्यांभोवती पांढरा, डोक्यावर पिळाची शिंगे. मादी आणि लहान नर फिकट तपकिरी. सकाळी सातच्या सुमारास आम्ही बांधावर उभे होतो तेव्हा समोरून तीसेक जनावरांचा कळप गेला. त्यातली एक मादी एकदम चारी पाय उचलून उडाली, की मग सगळा कळपच उड्या घेत पसार. मुले टाळ्या वाजवायला लागली, त्यांना दामटून गप्प केले.

पाहुण्यांच्या घरी चहा घेताना खरी गोष्ट कळली. काळवीट हे मूळचे गवतावर जगणारे जनावर. पावसाळ्यात माळ हिरवा असतो तोवर ते माळावर असते. पण त्याच दिवसांत माळाला लागून मुगाचे, बाजरीचे, मक्याचे कोवळे कोंब वर आलेले असतात. पाचपन्नास हरणे एका रात्रीत ते खुडून टाकतात. उन्हाळ्यात गवत वाळते, पाणी आटते, मग हरणे वस्तीकडे येतात. कोणी विहिरीत पडते, कोणी गाडीखाली सापडते, कोणाला मोकाट कुत्री फाडतात. वनखाते माळावर पाणवठे करून टँकरने पाणी भरते, त्याने पुष्कळ जीव वाचतात. पाण्याची सोय माणसाला चटकन सुचते. चाऱ्याची सोय तितकी सोपी नाही.

"हरणाला काय ठाऊक सातबारा कुणाचा ते?" पाहुण्यांच्या आई म्हणाल्या. आजींनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, पुढे रोजगार हमीवर चर खोदले. त्यांचे म्हणणे, माळावर पोटभर असेल तर जनावर कशाला आपल्या दारात येईल? तेव्हा प्रश्न असा उरतो की पाचशे मिलिमीटर पावसाच्या, वीतभर मातीच्या या बरड माळावर रानातल्या जनावरांसाठी चारा लावायचा कसा. बी फोकायचे, पाभरीने पेरायचे, ठोंब लावायचे, की काहीच न करता जमीन नुसती राखायची?

शहरातल्या माणसाला वाटते, सोपे आहे, ट्रॅक्टर लावा, जमीन नांगरा, बाजरी-ज्वारी पेरा, हरणे खातील. सपाट जागी, जेथे हातभर माती आहे, तेथे पाभरीने हुलगा किंवा मटकी पेरता येते. ही पिके थोड्या पावसावर तग धरतात आणि जमिनीलाही नत्र देतात. पण माळाचे तसे नाही. नांगर घातला की पातळ माती मोकळी होते आणि पहिल्या जोराच्या पावसात ओढ्याला जाते. जमिनीत जुन्या गवताची जी खोडे जीव धरून बसलेली असतात तीही उलथून मरतात. शिवाय पीक एका हंगामाचे. पुढच्या वर्षी पुन्हा बी, पुन्हा औत, पुन्हा पैसा. आणि आमच्या पाहुण्यांनी एक टोला हाणला तो आम्हाला फार पटला. हरणांना बाजरीची चव आधीच पुरेशी ठाऊक आहे, सरकारी खर्चाने आणखी शिकवायची गरज नाही!

तेव्हा पेरायचे तर बारमाही गवत. एकदा मूळ धरले की वर्षानुवर्षे उगवणारे. आपल्याकडच्या माळांवरची चांगली गवते म्हणजे मारवेल, पवना, शेडा, डोंगरी, अंजन. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात मारवेल आणि अंजनच्या वाणांवर काम झालेले आहे, पण गाईगुरांसाठी. हरणांनाही तेच गवत चालते. मात्र त्यांना ते फार उंच आणि दाट नको असते. काळविटाचे सगळे शहाणपण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत आहे. लांबवर दिसले पाहिजे आणि पळायला मोकळे मैदान पाहिजे. कमरेइतक्या गवतात ते बिचकते.

आता गवताचे बी. धान्यासारखे ते टपोरे नसते. हलके, केसाळ, तुसांचे. पाभरीच्या चाड्यात घातले तर गुंतून बसते, नळ्यातून खाली उतरत नाही. उतरलेच तर इतके खोल जाते की कोंब वर येत नाही. गवताचे बी जेमतेम मातीने झाकले गेले पाहिजे, बोटाच्या नखाएवढे खोल, त्याहून जास्त नाही. म्हणून जुनी पद्धत फोकण्याची. बी ओलसर मातीत किंवा वाळूत कालवायचे म्हणजे हाताला सुटे होते, मग मुठीने फेकायचे आणि वरून काट्याची फांदी ओढायची. खर्च कमी, दिवसभरात बरेच क्षेत्र होते. पण कोरड्या मुलखात तिचे तीन वैरी. पहिला वारा. दुसरा मुंग्या, ज्या आठ दिवसांत सगळे बी वारुळात नेतात. तिसरा सर्वांत मोठा, पावसाचा खंड. जूनच्या सरीवर बी उगवते आणि जुलैत पंधरा दिवस पाऊस ओढ देतो, तेव्हा दोन पानांची रोपे जागच्या जागी करपतात. शेतकऱ्याला दुबार पेरणी काय असते ते सांगायला नको. माळावर दुबार पेरणीला बी कोण देणार?

या तीन वैऱ्यांवरचा एक उपाय बीजगोळ्यांचा. चिकण माती, शेण, थोडी वाळू आणि बी एकत्र मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या करायच्या, सावलीत वाळवायच्या आणि पावसाच्या तोंडावर टाकायच्या. मुंगीला गोळी उचलत नाही, वाऱ्याला उडवता येत नाही, आणि शिंतोड्याने ती विरघळत नाही. चांगला पाऊस झाला तरच ती फुटते. मे महिन्यात घरबसल्या बायका आणि मुलेसुद्धा हे काम करू शकतात. हल्ली शाळाशाळांतून बीजगोळ्यांची टूम निघाली आहे ती मात्र वेगळी. तिथे चिंच, करंज, गुलमोहर जे मिळेल ते मातीत भरून दिसेल त्या माळावर फेकतात. हौस चांगली आहे, जागा चुकीची आहे. गवताळ माळाला झाडांची गर्दी मानवत नाही.

आम्हाला सर्वांत विश्वासाची वाटली ती ठोंबांची लावण. आजींनी ती हातवारे करून समजावली. पावसाला सुरुवात होऊन जमीन ओली झाली, वापसा आला, की चांगल्या मारवेलचे जुने बेट मुळांसकट खणायचे. त्याचे दोन-तीन काड्यांचे तुकडे करायचे, प्रत्येकाला मुळे हवीत. वरची पाने वीतभर ठेवून छाटायची म्हणजे पाणी कमी उडते. मग दीड-दोन फुटांवर खड्डा घेऊन लावायचे आणि पायाने घट्ट दाबायचे. पोकळ राहिले की ठोंब गेला. ठोंबाला तयार मूळ असते, त्यामुळे दहा-पंधरा दिवसांची ओढ तो सोसतो. तेवढ्यात बियाचे रोप मरून गेलेले असते. पहिल्याच वर्षी त्याला तुरा येतो आणि त्याचे बी आपोआप आजूबाजूला पसरते.

अडचण मजुरीची. दीड-पावणेदोन फुटांवर, म्हणजे अर्ध्या मीटरवर ठोंब धरले तर एका हेक्टरला चाळीस हजार लागतात. सगळा माळ असा लावणे कोणालाच झेपणार नाही. पण सगळा लावायचा नसतोच. उताराला आडवे सलग समतल चर खोदतात, साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल. चरातली माती खालच्या अंगाला टाकून बांध होतो. पाणी या चरात थांबते, मुरते, आणि सगळ्या माळात ओल सर्वांत उशिरापर्यंत तिथेच टिकते. ठोंब लावायचे ते या बांधाच्या ओल्या अंगाला, एक-दोन ओळी. मधल्या पट्ट्यांत बीजगोळ्या टाकायच्या, आणि जेथे जुने गवत जिवंत आहे तेथे हातच लावायचा नाही. आणि ही मजुरी म्हणजे खर्च असे आम्ही तरी म्हणणार नाही. माळाच्या कडेला राहणाऱ्या भूमिहीन घरांना जुलै-ऑगस्टात हाताला काम मिळते. ट्रॅक्टरने पेरणी केली तर तोच पैसा डिझेलला जातो.

राहिली चौथी रीत, ती सर्वांत स्वस्त. जमीन नुसती राखायची. दोन-तीन पावसाळे चराई थांबली तर जमिनीत दडलेली मुळे आणि बी स्वतःच वर येतात. प्रथम येते ती कुसळी. तिला कोणी चांगले म्हणत नाही, कारण पिकल्यावर तिची टोके शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडाला आणि अंगाला टोचतात. पण कोवळेपणी ती हरणेही खातात, जनावरेही खातात, आणि मुख्य म्हणजे ती माती धरून ठेवते. तिच्या आडोशाने मग शेडा, पवना, मारवेल येऊ लागतात. घाई करणाऱ्यांना हे दिसत नाही. आमचे मत विचाराल तर आधी राखण, मग ओलीच्या जागी ठोंब, आणि जेथे जमीन अगदी उघडी बोडकी आहे तेथेच बी.

झाडांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. पुष्कळ वर्षे आपल्याकडे मोकळा माळ दिसला की तो पडीक समजून त्यावर झाडे लावण्याची रीत होती. गिरिपुष्प, निलगिरी, सुबाभूळ लावून माळ हिरवा केला असे समाधान वाटायचे. काळवीट, कोल्हा, लांडगा, माळावरचे चंडोल या सगळ्यांना मोकळे गवत लागते, जंगल नव्हे. त्यात वेडी बाभूळ तर न लावताच येते. तिच्या पिवळ्या गोड शेंगा उन्हाळ्यात हरणे आवडीने खातात, बी न पचता लेंड्यांतून पडते आणि नवे झाड उगवते. भुकेच्या दिवसांत जनावराला आधार देणारी शेंगच पुढे त्याचे गवत गिळते. रोपे लहान असतानाच ती मुळासकट काढावी लागतात, नंतर कुऱ्हाडीला दाद देत नाहीत.

आता आमच्या वाचकांच्या मनात जो प्रश्न आला असेल त्याकडे वळतो. चराई थांबवायची म्हणजे कोणाची? ज्याच्या गोठ्यात जर्सी गाय आहे आणि विहिरीवर घास आहे, त्याचे काही अडत नाही. अडते ते चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईचे. तिच्याकडे जमीन नाही, तिचे कुरण म्हणजे हाच माळ. आपल्या समाजाला गायरान आणि पडीक हे शब्द कागदावरून कळलेले नाहीत. याच नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातून आलेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांना जमिनी मिळाव्यात म्हणून १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले, आपल्या घरांतली माणसे त्यांत तुरुंगात गेली. म्हणून कोणी माळाला कुंपण घालायचे म्हटले की आपल्या पोटात धस्स होते, आणि ते योग्यच आहे.

पण येथे मार्ग आहे. संवर्धन राखीव क्षेत्र हे अभयारण्यासारखे नसते. वन्यजीव कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन हा प्रकार आला. सरकारी मालकीच्या जमिनीवर, भोवतालच्या लोकांशी सल्लामसलत करून तो करायचा असतो, आणि त्यासाठी जी व्यवस्थापन समिती असते तिच्यावर त्या त्या ग्रामपंचायतीचा एकेक प्रतिनिधी, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचे प्रतिनिधी घ्यावेत असे कायदाच सांगतो. ती समिती सल्ला देणारी आहे हे खरे. तरी ग्रामपंचायतीने पाठवायचा तो प्रतिनिधी शेळ्या राखणारी बाई का असू नये? गवत कधी कापायचे, कोणत्या पट्ट्यात शेळ्या सोडायच्या आणि कोणता पट्टा त्या वर्षी बंद ठेवायचा, हे तिच्याइतके कोणाला कळते?

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की माळाचे पट्टे पाडायचे आणि आळीपाळीने विसावा द्यायचा. बंद पट्ट्यात जनावर सोडायचे नाही, पण दिवाळीनंतर बी गळून पडले की विळ्याने गवत कापून डोक्यावरून न्यायला गावाला मोकळीक द्यायची. कापलेल्या जागी खुंट राहतात, त्यांना थोड्या ओलीवर पुन्हा हिरवे फुटवे येतात आणि हरणांना नेमके तेच कोवळे, बुटके गवत लागते. वाळलेले उंच गवत उन्हाळ्यात वणव्याला सरपण होते, ते कापून नेले तर जाळरेषा काढायचे कामही हलके होते. शेळीचा चारा आणि हरणाचा चारा असे भांडण लावायचे ठरवले तर लागते. नाही ठरवले तर एकाच कापणीत दोघांचे भागते.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी दोघांसाठीही औषधी वनस्पती लावल्याचे, रस्त्यांवर विहिरी खोदल्याचे आणि झाडे लावल्याचे कोरले आहे. ते आम्ही माळावर उभे राहून मुलांना सांगितले. त्यावर एका चिरंजीवांनी विचारले, मग अशोकाने गवत का नाही लावले? असो.

परतताना आजींनी आम्हाला मारवेलचे बी कसे धरायचे ते दाखवले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुरा तपकिरी होतो. तो मुठीत धरून खालून वर ओढला की पिकलेले बी हाताशी येते, कच्चे काडीलाच राहते. सगळ्या बेटाचे ओरबाडायचे नाही, निम्मे जमिनीला सोडायचे. सावलीत वाळवून गोणपाटाच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीवर, उंदरांपासून जपून ठेवायचे. अंजनसारख्या काही गवतांचे ताजे बी नीट उगवत नाही, ते काही महिने मुरावे लागते. म्हणून या वर्षीचे बी पुढच्या पावसाळ्याला. राखीव क्षेत्राच्या आतून बी किंवा ठोंब काढायला वनखात्याची परवानगी लागते. आजींनी दाखवले ते त्यांच्या स्वतःच्या बांधावरचे होते.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द. येवल्याहून नगरसूल आणि तेथून राजापूरच्या रस्त्याला लागायचे. गाड्या मोजक्या असतात, तेव्हा परतीची वेळ आधी विचारून ठेवा. पाणी आणि भाकरी बरोबर न्या. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर हरणे उघड्यावर दिसतात. भर दुपारी ती झुडपांच्या सावलीला बसतात. गाडीने पाठलाग करू नये, आपल्या किंवा वस्तीवरच्या कुत्र्याला सोबत घेऊ नये. कळपाच्या दिशेने चालत गेल्यास ती शेतात घुसतात आणि नुकसान एखाद्या कोरडवाहूवाल्याचे होते. काळविटाला मारणे अथवा पकडणे हा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याविरुद्धचा गुन्हा असून त्याला कमीत कमी तीन वर्षांची कैद आहे. आणि काठावरच्या शेतांतून जायचे झाल्यास मालकाला विचारून, बांधावरूनच जा. ऑक्टोबरात मका उभा असतो.